वॅगनार सीएनजीमध्ये अँप (अँप्लिफायर) आणि सबवूफर (खोल बेसचा स्पीकर) बसवायचाय, डिकीत टाकी आहे, काय करू?

चाकण_शिफ्टवाला:

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनार व्हीएक्सआय सीएनजी, कंपनी फिटेड, २०२२ ची. स्टिरिओ गाडीबरोबर आलाय तोच आहे आणि तो काढायची इच्छा नाही, पुढच्या दारात कंपनीचे स्पीकर आणि मागे नंतर टाकून घेतलेली एक साधी जोडी. रोज तळेगाव ते चाकण जाणं-येणं, त्या रस्त्याबद्दल वेगळं सांगायला नको, जे जातात त्यांना माहितीये, त्यामुळे गाणी हीच काय ती सोबत. पण बेस नावाची गोष्टच नाही हो गाडीत. आवाज वाढवला की दाराचं प्लास्टिक खडखडतं आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो.

परवा एका दुकानात विचारून आलो. १२ इंची सब तयार बॉक्ससकट, "दोन हजार वॅट"चा फोर चॅनल अँप, वायरिंग किट, मजुरी धरून २२ हजार सांगितले. बॉक्स सीएनजीच्या टाकीला टेकवून उभा बसवतो म्हणाला, आणि करंट सिगारेट लायटरच्या वायरवरून घेतो म्हणजे बॉनेट उघडायलाच नको, वॉरंटीला धक्का नाही. ऐकायला गोड वाटलं पण मनात पाल चुकचुकली म्हणून इथे आलो.

विचारायचं असं की १२ इंची घ्यावा की सीटखालचा चपटा सब बरा, करंट नक्की कुठून घ्यायचा, छोटी बॅटरी तग धरेल का, आणि कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए (अँपला सिग्नल द्यायची सॉकेट) नाहीत तर अँपला सिग्नल कसा देणार. अजून एक, शनिवार-रविवारी वडील बरोबर असतात, त्यांना अभंग लागतात आणि पखवाजाची धुम नीट ऐकू आली पाहिजे असा हट्ट असतो. म्हणजे नुसतं धडाम धडाम नकोय मला. बजेट जास्तीत जास्त २५.

नाद_खुळा_०९:

भावा १२ इंचीच घे, डोळे झाकून. टाकी आहे म्हणून काय झालं, सामान मागच्या सीटवर टाकायचं. माझ्या स्विफ्टात दोन लावलेत, सुरू केलं की आतला आरसा हलून मागचं काही दिसत नाही. काटा किर्र.

निवांत_नाशिककर:

@नाद_खुळा_०९ मागचं काही दिसत नाही ही कौतुकाची गोष्ट आहे का रे बाबा 😂

तांब्याची_तार:

माझं कामच हे आहे, गाडीच्या वायरिंगचं, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी लायटरचं. त्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असतो आणि वायर त्याच हिशोबाने बारीक असते. आता गणित बघ. ३०० वॅट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद) क्लास डी, म्हणजे कमी करंट वाया घालवणारा अँप धरला, एफिशियन्सी ८० टक्के, म्हणजे फुल वाजताना तो ३७५ वॅट ओढणार, इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर झाले २७ अँपिअर. क्लास एबी, म्हणजे जास्त वाया घालवणारा असेल तर तोच आकडा ४० च्या आसपास जातो. म्हणजे होणार काय, एक तर फ्यूज उडत राहणार, नाहीतर तू दर आठवड्याला दुकानात येऊन डोकं खातोस म्हणून तो तिथे ३० चा फ्यूज ठोकून देणार, आणि मग फ्यूज शाबूत राहून डॅशबोर्डच्या आतली वायर तापणार. तेही सीएनजी गाडीत. असलं काम सांगणाऱ्याच्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नकोस, बाकी काम कितीही चकाचक करत असला तरी.

"दोन हजार वॅट" हा खोक्यावरचा आकडा. खरं बघायचं तर अँपच्या कडेला फ्यूज असतो तो बघ. २५ चा एकच फ्यूज असेल तर आत जास्तीत जास्त २५ गुणिले १३.८ म्हणजे ३४५ वॅट जाणार, त्यातला चाळीसेक टक्के भाग उष्णतेत गेला की बाहेर येणार कसेबसे २००. आत ३४५ आणि बाहेर २०००, असं मशीन निघालं असतं तर महावितरण कधीच बंद पडलं असतं. विकत घेताना आरएमएस विचारायचं, मॅक्स आणि पीकचे आकडे ऐकून सोडून द्यायचे.

करंट थेट बॅटरीच्या प्लसवरून घ्यायचा, दुसरा मार्ग नाही. आणि बॅटरीपासून १८ इंचांच्या आत फ्यूज, यात तडजोड नाही. लोकांना वाटतं फ्यूज अँप वाचवायला असतो. तो वायर वाचवायला असतो. बॉनेटमधून वायर आत येते तिथे पत्र्याला भोक असतं, पावसाळ्यात दोन महिने खड्ड्यातून गाडी गेली की त्या काठावर घासून इन्सुलेशन सोललं जातं आणि प्लस डायरेक्ट बॉडीला लागतो. तुझी ३५ एएचची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये काही शे अँपिअर सोडू शकते, त्यात वायर लालबुंद व्हायला फार वेळ लागत नाही. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर तिथेच खेळ संपतो, अँपजवळ असेल तर मधली सगळी वायर बिनराखणीची. म्हणून वायर आत घेताना नवीन भोक न पाडता कंपनीच्या हार्नेसचं जे रबरी ग्रोमेट असतं त्यातूनच न्यायची, वरून कोरुगेटेड पाइप घालायचा.

वायर किती जाड हवी तर ३००-४०० वॅट आरएमएसपर्यंत ८ गेज पुरते, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत साधारण ८ स्क्वेअर एमएम. मोनोब्लॉक (फक्त सबसाठीचा एका चॅनलचा अँप) ७००-८०० चा लावणार असशील तर ४ गेज, ती २१ स्क्वेअर एमएम. पण मार्केटमध्ये ज्या स्वस्त किट मिळतात त्यातली तार बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच करंट वाहून नेतं, म्हणजे ८ गेज म्हणून घेतली ती कामाला ८ गेज नाहीच. ओळखायची सोपी खूण, टोकाची एक तार वेगळी काढायची आणि ब्लेडने खरवडायची. आत पांढरी चमकली की दुकानदाराला परत. शिवाय त्या किटचं कव्हर इतकं जाड असतं की बाहेरून बोटाएवढी वायर दिसते आणि सोलली की आत उदबत्तीची काडी.

अर्थची वायर, म्हणजे अँपच्या मायनसपासून गाडीच्या पत्र्याला जाते ती, शक्य तितकी आखूड, दीड फुटाच्या आत, जाडी प्लसएवढीच. पेंट सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा काढायचा, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस नाहीतर रंग मारायचा म्हणजे गंज धरत नाही. सीट बेल्टच्या बोल्टवर अर्थ घेतलेली मी बघतो रोज, प्लीज नका करू, तो बोल्ट जीव वाचवायला आहे आणि एकदा उघडला की कंपनीच्या टॉर्कला कोणी आवळत नाही.

प्लसची वायर एका बाजूच्या उंबऱ्याखालून, म्हणजे दारातल्या त्या प्लास्टिकच्या पट्टीखालून, आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र बांधून नेल्या की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईईई आवाज सुरू, तो अल्टरनेटरचा. निम्म्या वेळा मात्र तो आवाज खराब अर्थमुळे असतो, त्यामुळे आधी अर्थ तपासा.

निवांत_नाशिककर:

तारभाऊंनी वायरचं सगळं सांगितलंच, मी टाकीचं बोलतो कारण माझीही सीएनजी वॅगनारच आहे. ६० लिटरची टाकी, डिकीत तिच्यापुढे जी जागा उरते त्यात ऑफिसची बॅग आणि छत्री. तिथे १२ इंची बॉक्स म्हणजे १५-२० किलोचं धूड, आणि ते टाकीला "टेकवून" ठेवायचं म्हणतोय तो? गाडी खड्ड्यात गेली की बॉक्सचा कोपरा टाकीच्या व्हॉल्व्हवर नाहीतर पाइपवर आपटणार. त्या लाईनमध्ये गॅस भरल्यावर २०० बारचं प्रेशर असतं. आणि बॉक्स पट्ट्यांनी बांधायचा म्हटलं की हा माणूस टाकीच्याच ब्रॅकेटला बांधणार हे मी लिहून देतो.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे हायड्रो टेस्ट, पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी. दर तीन वर्षांनी टाकी गाडीतून उतरवून टेस्ट करावी लागते, तुझी २०२२ ची गाडी आहे म्हणजे टाकीच्या टेस्टच्या प्लेटवरची तारीख एकदा बघून ठेव. डिकीत बॉक्स, अँप, वायरिंगचं जाळं फिक्स करून ठेवलंस की दर वेळी ते सगळं सोडवायचं, आणि टेस्टवाला मुलगा ते प्रेमाने सोडवणार नाही, उपटणार. पंपावर कधी प्लेट बघायला डिकी उघडायला लावतात, तेव्हाही समोर बॉक्स आडवा.

माझं मत सरळ आहे, सीएनजी गाडीत सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब. अँप त्यातच असतो. जेबीएलचा बासप्रो एसएल ८ इंची आहे, १२५ वॅट आरएमएस, सोनीचा एक्सएस-एडब्ल्यू८ आहे, पायोनियरचेही आहेत. करंट १०-१२ अँपिअर फार तर, १५ चा फ्यूज पुरतो, म्हणजे बॅटरीची काळजी जवळपास संपली. फक्त घेण्याआधी सीटखाली टेप लावून मोज, आणि मोजताना सीटवर कोणीतरी भरभक्कम माणूस बसव, कारण फोम खाली दबतो. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून बघ. काही वॅगनारमध्ये को-ड्रायव्हरच्या सीटखाली ट्रे येतो तो काढावा लागेल. आणि तिथे खाली पिवळ्या रंगाचा कप्लर दिसला तर त्याला हात लावायचा नाही, पिवळं म्हणजे एअरबॅग किंवा बेल्टच्या प्रीटेन्शनरचं.

नाद_खुळा_०९:

सीटखालचा सब म्हणजे भावा खेळणं आहे. ८ इंचात कसला बेस. पैसे पाण्यात.

आवाज_कुणाचा:

@नाद_खुळा_०९ मोठ्या गाडीत तुझं म्हणणं मान्य केलं असतं. पण छोट्या गाडीला निसर्गाकडून एक सवलत मिळते. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते आणि अख्खी वॅगनार आहे ३.६५ मीटर, आतली केबिन तर अजून लहान. लाट केबिनपेक्षा मोठी झाली की ती गाडीत फिरत नाही, सगळ्या केबिनमधल्या हवेचा दाब एकदम वर-खाली होतो, आणि त्यामुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली बेस आपोआप वाढत जातो. याला केबिन गेन म्हणतात. म्हणूनच काच खाली केली की बेस गायब होतो, अनुभव घेतला असशील. हॉलमध्ये फुसका वाटणारा ८ इंची सब हॅचबॅकमध्ये काच बंद करून ऐक, मग बोलू.

अर्थात त्याला मर्यादा आहे. सीटखालचा सब ४० हर्ट्झच्या खाली दमतो, डीजेवाली गाणी ऐकणाऱ्याला ते कमी पडेल. पण चाकणभाऊंच्या वडिलांना जी धुम ऐकायची आहे ती त्याच्या बरीच वर असते. कणीक लावलेल्या त्या बाजूचा जो घुमारा येतो ना, तो खरं तर सबपेक्षा सब आणि दारातले स्पीकर जिथे एकमेकांना भेटतात तिथलं काम आहे. तिथे खड्डा पडला की पखवाज डबा वाजवल्यासारखा येतो आणि माणूस सबला शिव्या देतो.

त्यामुळे मी पैसे असे लावेन. आधी पुढच्या दारात चांगले कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर वेगवेगळे असलेले) आणि दोन्ही दारांना ब्युटाइल डॅम्पिंग शीट. दाराचा बाहेरचा पत्रा वॅगनारमध्ये पातळ आहे, बोटाने टकटक कर, डब्यासारखा वाजतो. शीट चिकटवल्यावर तोच पत्रा "ठप" असा मुका होतो. खडखड तर जातेच, वर मिडबेस (सबच्या जरा वरचा बेस) इतका सुधारतो की काही लोक सब घ्यायचाच रद्द करतात. फक्त शीट लावताना दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नकोस, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात दारात डबकं आणि नंतर गंज. मागच्या दारांवर एक रुपया खर्च करू नकोस, गाडी तू चालवतोस. उरलेल्या पैशात सीटखालचा सब.

चाकण_शिफ्टवाला:

भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. १२ इंची कॅन्सल, माफ कर रे नाद_खुळा 🙏 आता आरसीए नाही त्याचं काय? दुकानवाला म्हणाला होता की स्टिरिओ बदलावाच लागेल, अँड्रॉइडचा टाकून देतो. आणि वायर कापली तर एक्स्टेंडेड वॉरंटी जाईल का? अजून दोन वर्षं बाकी आहे.

तांब्याची_तार:

स्टिरिओ बदलायची गरज नाही. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह सबला हाय लेव्हल इनपुट असतं, म्हणजे स्टिरिओतून स्पीकरला जाणारी जी वायर आहे तिलाच समांतर जोड घेऊन सबला द्यायचा. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच वायरवरून सबला कळतं की स्टिरिओ चालू झालाय आणि तो स्वतः ऑन होतो. घेताना हे फीचर आहे का विचार, नसेल तर रिमोटची (सबला चालू व्हायचा इशारा देणारी) वायर अशा ठिकाणाहून घ्यायची जिथे चावी अ‍ॅक्सेसरीवर आणल्यावरच १२ व्होल्ट येतात. कायम चालू असलेल्या प्लसवर रिमोट दिला तर सब रात्रभर जागा राहणार आणि सकाळी गाडी ढकलावी लागणार. वेगळा अँप लावायचा आणि त्याला फक्त आरसीएच असतील तर मध्ये हाय-लो कन्व्हर्टर टाकायचा, छोटी डबी असते.

वॉरंटीचं म्हणशील तर कंपनीची वायर कापायचीच नाही. त्या स्टिरिओच्या सॉकेटला बसणारा तयार कप्लर मिळतो, मेल-फिमेल, मध्ये लावून त्यातून जोड काढायचा. उद्या काढून टाकलं तर गाडी होती तशी. वायर कापून काळी टेप गुंडाळलेली दिसली की सर्व्हिस सेंटरवाला कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या तक्रारीला त्याच टेपकडे बोट दाखवतो, आणि खरं सांगायचं तर दहापैकी सहा वेळा त्याचं बरोबर असतं. पुण्यात आहेस तर कप्लर नाना पेठेत मिळून जाईल, फ्यूज होल्डर, लग, हीट श्रिंक असलं बारीकसारीक बुधवारात तपकीर गल्लीत. दुकानदाराकडून घेतलंस तर बिल सुटं सुटं करून माग.

घाटातली_राणी:

इन्शुरन्सचं कोणीच बोललं नाही म्हणून. बाहेरून लावलेला म्युझिकचा सामान पॉलिसीत आपोआप येत नाही. गाडीच्या किमतीत जे कंपनीकडून आलं तेवढंच धरतात. वेगळं लिहून घ्यायला लागतं, आयएमटी २४ नावाचं एंडोर्समेंट, सामानाच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम, म्हणजे २० हजारांच्या सामानाला वर्षाला ८०० आणि वर जीएसटी. (सीएनजी किटला आयएमटी २५ लागतं, तुझं कंपनी फिटेड आहे, तरी पॉलिसीवर सीएनजी लिहिलंय का तेवढं बघून घे.) आमच्या सोसायटीत एकाची गाडी पावसाच्या पाण्यात बुडली, सर्व्हेअरने अँप आणि स्पीकरचा एक रुपया धरला नाही कारण पॉलिसीवर नोंदच नव्हती. बिलं जपून ठेव.

आणि सीटखाली सब लावणाऱ्यांनो, पावसाळ्यात ओल्या चपला, गळकी छत्री हे सगळं तिथेच येतं. शिवाय एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी को-ड्रायव्हरच्या पायाशीच उतरतं आणि कार्पेट खालून ओलं होतं, वरून कळतही नाही. सब थेट कार्पेटवर ठेवू नका, ब्रॅकेटवर थोडा उचलून बसवा. उंदरांचा त्रास असेल तर वायर उघडी ठेवू नका, माझ्या आधीच्या गाडीत स्पीकरची वायर खाल्ली होती त्यांनी, बेस आवडला नसेल.

चाकण_शिफ्टवाला:

हाहा. हे इन्शुरन्सचं खरंच माहीत नव्हतं. आता शेवटचं, सेटिंग. सबवर तीन-चार नॉब असतात ते कसे ठेवायचे?

आवाज_कुणाचा:

गेनचा नॉब हा व्हॉल्यूम नाही, एवढं एक वाक्य दुकानात जाताना हातावर लिहून ने. गेनने अँपला सांगायचं असतं की समोरून सिग्नल किती जोराचा येतोय. तो फुल फिरवून ठेवला की थोड्याशा आवाजालाच अँप क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं छाटली जातात, आणि सबची कॉइल जळते ती जास्त करून अशीच.

सगळे बेस-ट्रेबल शून्यावर, बेस बूस्ट बंद. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण पट्टीवर ठेव, तुझं ओळखीचं गाणं लाव, सबचा गेन तळापासून हळूहळू वाढव. बेसचा गोळा घोगरा, फाटका यायला लागला की थांब आणि थोडा मागे घे. झालं. वेगळा अँप असता तर मल्टिमीटरने करता येतं, ५० हर्ट्झचा टोन लावून एसी व्होल्ट बघायचे, वॅट गुणिले ओहम त्याचं वर्गमूळ, म्हणजे ४ ओहमला ३०० वॅट हवे असतील तर ३४.६ व्होल्ट आले की गेन तिथेच सोडायचा. मोजताना सबची वायर काढून ठेवायची, नाहीतर शेजारी येतील.

लो पास फिल्टर, म्हणजे सबला ठरावीक हर्ट्झच्या खालचेच आवाज देणारा नॉब, ८० च्या आसपास. कंपनीच्या स्टिरिओत हाय पास (स्पीकरला खालचा बेस न देणारा फिल्टर) नसेल तर दारातले स्पीकर खालचं वाजवायचा प्रयत्न करतच राहणार, तिथे एकतर स्टिरिओचा बेस थोडा उतरव किंवा स्पीकरच्या लाईनमध्ये बेस ब्लॉकर कपॅसिटर टाक. मग फेज, म्हणजे सब आणि दारातले स्पीकर एकाच वेळी आत-बाहेर हलतात की उलटे ते. ० आणि १८० असं बटण असतं, काही फरक पडत नाही म्हणून लोक सोडून देतात. वडिलांना ड्रायव्हर सीटवर बसव, अभंग लाव, आणि तू बटण दोन्हीकडे करून बघ. एका बाजूला धुम भरून येईल, दुसऱ्या बाजूला पोकळ वाटेल. ज्या बाजूला ते मान डोलवतील ते सेटिंग. आणि बेस पायाशी वाजतोय असं न वाटता समोरच्या काचेतून आल्यासारखा वाटला पाहिजे, पायाशी वाटत असेल तर लो पास अजून खाली आण, ७०.

नाद_खुळा_०९:

एवढं शास्त्र मला कुणी सांगितलं नव्हतं राव. माझ्या गाडीत बेस पडला की हेडलाइट मिचमिचतात, दुकानवाला कपॅसिटर लावू म्हणतोय, एक फॅरॅडचा. लावू का?

तांब्याची_तार:

नको. कपॅसिटर करंट तयार करत नाही, साठवतो, आणि एक फॅरॅडमध्ये साठतो तो बेसच्या एका लांब ठोक्यातच संपतो, मग तोच भरायला अल्टरनेटरवर अजून भार. तो पैसा वायरवर घाल. मल्टिमीटर घे, दोन माणसं लाव. फुल आवाजात वाजत असताना एकाने बॅटरीवर व्होल्ट बघायचे आणि दुसऱ्याने अँपच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तुझी वायर बारीक आहे नाहीतर अर्थ खराब. बॅटरीवरच १२ च्या खाली जातंय तर मात्र अल्टरनेटरची ताकद संपली, तिथे अँप कमी करणं किंवा मोठा अल्टरनेटर. स्विफ्टात दोन १२ इंची म्हणजे मला दुसरंच वाटतंय. नंबर प्लेट पण खडखडत असेल, तिच्यामागे फोमची टेप लाव.

निवांत_नाशिककर:

आणि रात्री १० ते सकाळी ६ जरा दमानं घे रे कोल्हापूर. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमात. तुझा आरसा हलतो म्हणजे शेजारच्यांचा कपबशीचा रॅकही हलत असणार.

चाकण_शिफ्टवाला:

ठरलं मग, पुढचे कंपोनंट स्पीकर, दारांना शीट आणि सीटखालचा सब. दुसऱ्या एका दुकानात विचारलं, तो म्हणाला बॅटरीवरून वायर घेईन आणि फ्यूजही तिथेच लावेन, मी न सांगताच बोलला. फक्त अर्थसाठी सीटखाली कार्पेट कापून फ्लोअरला स्क्रू मारतो म्हणाला. चालेल का?

तांब्याची_तार:

माणूस बरा दिसतोय पण स्क्रू मारू देऊ नकोस. फ्लोअरच्या खालून ब्रेकची लाईन, पेट्रोलची लाईन आणि तुझ्या गाडीत टाकीपासून इंजिनकडे जाणारा सीएनजीचा स्टीलचा पाइप गेलेला असतो, ड्रिल पलीकडे कुठे निघेल ते वरून कुणालाच दिसत नाही. आणि पत्र्याला भोक पडलं की खालून पाणी वर. को-ड्रायव्हरच्या पायाजवळ डाव्या बाजूचं प्लास्टिक काढायला सांग, आत कंपनीचा अर्थचा बोल्ट दिसेल, वायरिंगचे काळे लग जिथे एकत्र आवळलेत तो. बहुधा १० चा पाना लागतो. त्यावरच आपला लग टाकून परत आवळायचा. काम चालू असताना बॅटरीचा मायनस काढून ठेवायचा, आणि प्लसचा फ्यूज सगळं जोडून झाल्यावर शेवटी घालायचा.